जादूची गोष्ट आणि पाचवीतलं इंग्रजी

गोव्यातल्या सरकारी मराठी शाळेतून चौथी पास झालेलं मूल हायस्कूलच्या पाचवीत जाऊन बसतं, तेव्हा एका सुट्टीत त्याच्याभोवतीची भाषाच बदललेली असते. अपूर्णांकाचा फ्रॅक्शन होतो, परिसर अभ्यासाच्या जागी सायन्स येतं, इतिहासातले राजेसुद्धा इंग्रजीत लढू लागतात. सत्तरी, पेडणे, डिचोली, सांगे इथल्या कितीतरी घरांत हे दरवर्षी घडतं. इंग्रजी त्या मुलाला अगदीच नवी नसते. पण एक विषय म्हणून ती शिकणं वेगळं आणि सगळे विषय तिच्यातून शिकणं वेगळं. मग घरचे ट्यूशन लावतात, व्याकरणाची गाइडं आणतात. अशा मुलाच्या हातात चेटकिणींची आणि ड्रॅगनची इंग्रजी गोष्ट द्या असं कोणी सुचवलं, तर बहुतेक पालकांना ते अभ्यास बुडवणंच वाटतं. मला मात्र त्या वर्षी या मुलाला सर्वांत जास्त गरज अशाच गोष्टीची आहे असं वाटतं, आणि असं म्हणायला भाषेच्या आणि मेंदूच्या अभ्यासात चांगला आधार आहे.

या मुलाची खरी अडचण काय असते? पान उघडलं की अनोळखी शब्द अंगावर येतात. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ साली हिशेब मांडला, की कोणाच्या मदतीशिवाय इंग्रजी कादंबरी नीट समजायला तिच्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे अडीचशे शब्दांच्या पानावर अनोळखी शब्द फक्त पाच. त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळं माहीत हवीत. (वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग हे सगळे मिळून एक कुळ.) दहा वर्षांच्या मुलाकडे एवढा साठा असणं शक्यच नाही. तो जमेपर्यंत कित्येक वर्षं त्याला न कळलेल्या शब्दांच्या सोबतीनंच वाचावं लागणार. त्या शब्दापाशी अडून पुस्तक मिटायचं की अंदाज बांधून पुढे जायचं, यावर पुढचं बरंचसं ठरतं.

इथे अद्भुतकथेची एक खासियत कामी येते. तिच्यात शिरणारा प्रत्येक जण परकाच असतो. लेखकानं घडवलेल्या प्राण्याचं, मंत्राचं, नगरीचं नाव लंडनच्या मुलालाही ठाऊक नसतं आणि वाळपईच्या मुलालाही नसतं. लेखकाला हे माहीत असतं, म्हणून तो आजूबाजूच्या वाक्यांत अर्थाच्या खुणा पेरून ठेवतो. शब्द न कळणं ही वाचकाची उणीव राहत नाही, तो गोष्टीच्या मजेचाच भाग होतो. वर्गात इंग्रजी वाचायला उभं राहताना ज्याचे पाय लटपटतात, त्या मुलाला हा दिलासा किती मोठा असेल याचा विचार करावा.

खुणांवरून अर्थ लावणं किती दूर नेतं याचा एक गाजलेला प्रयोग १९७८ साली सारागी, नेशन आणि माइस्टर या तिघांनी केला. अँथनी बर्जेस यांच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या कादंबरीत रशियन भाषेच्या धाटणीवर बनवलेले सुमारे २४० अनोळखी शब्द आहेत. (कादंबरी हिंसक आहे, मुलांसाठी नाही, इथे तिचा संबंध फक्त प्रयोगापुरता.) इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढांना शब्दसूचीशिवाय ती वाचायला दिली आणि नंतर अचानक त्यातल्या ९० शब्दांची परीक्षा घेतली. सरासरी ७६ टक्के उत्तरं बरोबर आली. शिकवणी नाही, पाठांतर नाही. पण हा आकडा आपल्या पाचवीच्या मुलाला जसाच्या तसा लावता येणार नाही. त्या वाचकांना भोवतालची इंग्रजी पूर्ण येत होती, आणि पर्याय देऊन विचारलेल्या परीक्षेत गुण जास्त पडतात. परभाषेतून वाचणाऱ्यांवरच्या पुढच्या अभ्यासांत कमाई बरीच कमी दिसली. एकदा भेटून शब्द क्वचितच टिकतो. तो पुन्हा पुन्हा भेटावा लागतो.

हे पुन्हा भेटणं नेमकं कसं काम करतं, ते एका वाक्यावर पाहू. समजा, गोष्टीत असं आलं: ‘इट वॉज स्नोइंग, सो द ओल्ड मॅन पुल्ड हिज क्लोक टाइट अराउंड हिज शोल्डर्स.’ मुलाला ‘क्लोक’ माहीत नाही. स्नो ठाऊक आहे, शोल्डर्स शरीराच्या अवयवांच्या धड्यात येऊन गेलेत, पुल्डही कळतं. थंडी आहे, म्हातारा खांद्यांभोवती काहीतरी ओढून घेतोय. मूल तिथे शाल बसवतं आणि पुढे जातं. दहा पानांनंतर नायक त्याच क्लोकखाली पुरता लपतो. म्हणजे ही शाल बरीच मोठी दिसते. आणखी पुढे पळताना कुणाचा तरी पाय तिच्यात अडकतो. म्हणजे ती पायघोळ आहे. मग कुणी तिची टोपी डोक्यावर ओढतं. चौथ्या भेटीपर्यंत शालीचा पायघोळ, टोपीवाला झगा झालेला असतो, आणि हा बदल मुलानं स्वतः केलेला असतो. कोशात शब्द एका झटक्यात कळला असता हे खरं, आणि फार नडेल तिथे कोश जरूर उघडावा. पण दर ओळीला कोश उघडणाऱ्याला गोष्ट सापडत नाही, आणि गोष्ट नसेल तर पुढच्या भेटीही होत नाहीत.

अद्भुतकथा सहसा एका भागात संपत नाही, हेही इथे पथ्यावर पडतं. पाच-सात भागांची मालिका वाचताना तीच माणसं, तोच किल्ला, तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. काही पालक विचारतात, जादूची कांडी आणि काढ्याची कढई यांची इंग्रजी नावं शिकून पुढे काय करायचं? कांडीच्या आजूबाजूला काय असतं ते त्यांनी पाहावं. जिना चढणं, कुजबुजणं, दचकणं, वचन देणं, उशीर होणं, माफी मागणं. रोजच्या जगण्यातली ही क्रियापदं त्या कांडीच्या निमित्तानं शेकडो वेळा डोळ्यांखालून जातात. पाठ्यपुस्तकाच्या धड्यात तीच दोन-चार वेळा भेटतात.

अशक्य गोष्टी वाचताना मेंदू गोंधळत नाही का? १९८० साली मार्ता कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी डोक्यावर विद्युतअग्रं लावून मेंदूतल्या लहरी मोजल्या. ‘गरम पावावर त्यानं मोजे फासले’ अशा धर्तीचं वाक्य आलं, की विसंगत शब्दानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी एक ठळक लहर उठते. तिला एन-४०० म्हणतात. पुढे २००६ साली न्यूलँड आणि व्हॅन बर्कम या डच संशोधकांनी लोकांना एका शेंगदाण्याची गोष्ट ऐकवली. शेंगदाणा नाचतो, गातो, त्याला नुकतीच एक मुलगी भेटलीय. शेवटी ‘शेंगदाणा खारवलेला होता’ असं म्हटलं तर ही लहर जोरात उठली. ‘शेंगदाणा प्रेमात पडला होता’ म्हटलं तर ती कमी होती. वस्तुस्थितीशी जुळणारं वाक्यच मेंदूला खटकलं! काही वाक्यांतच त्यानं गोष्टीचे नियम आपलेसे केले होते. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. शब्दाचा अर्थ आपण सुट्या शब्दातून काढत नाही, चालू असलेल्या जगातून काढतो. हे जग जितकं भक्कम उभं राहील, तितका अनोळखी शब्द सोपा.

अद्भुताचा थेट फायदा लहान मुलांवरही तपासला गेला आहे. अमेरिकेतल्या अल्प उत्पन्न गटातल्या १५४ बालवाडीच्या मुलांना दोन आठवड्यांत २० नवे शब्द शिकवले. काहींना शेतावरच्या, वास्तवातल्या गोष्टी आणि खेळणी दिली, काहींना ड्रॅगनची. २०१५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. शब्द दोन्ही गटांना कळले, पण त्यांचा अर्थ स्वतःच्या तोंडानं सांगण्यात ड्रॅगनवाली मुलं पुढे गेली. असं का व्हावं? त्याच वर्षी स्टॉल आणि फायगन्सन यांनी अकरा महिन्यांच्या बाळांवर केलेल्या प्रयोगात एक धागा मिळतो. भिंतीतून आरपार गेल्यासारखं दिसणारं खेळणं बाळांनी हातात घेऊन आपटून पाहिलं. अधांतरी तरंगणारं खेळणं त्यांनी खाली टाकून पाहिलं. अपेक्षेला धक्का बसला की शिकण्याची भूक वाढते. बाळांवरून पाचवीच्या मुलाबद्दल थेट अनुमान काढणं घाईचं होईल, पण दिशा एकच दिसते.

आता घरच्या भाषेकडे. १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली यांनी अमेरिकेत शाळकरी मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. विषयाची आधीची ओळख वाचनातला कच्चेपणा भरून काढते. आणि अद्भुताची ओळख गोव्याच्या मुलांना कोणी करून द्यायची गरज नाही. जत्रेत रात्री दशावतार सुरू होताना काळ्या वेशात, लाल जीभ लोंबकळत येणारा संकासुर पाहून ती आईला बिलगलेली असतात. दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावरच्या मोठ्या मुलांबरोबर कागद चिकटवून नरकासुर उभा करतात. वर मागून उन्मत्त झालेला असुर, वरातली पळवाट, वेशांतर करून आलेला देव ही सगळी वळणं त्यांच्या अंगवळणी पडलेली असतात. इंग्रजी अद्भुतकथेत तीच वळणं वेगळ्या पोशाखात भेटतात, आणि मूल शब्दांच्या पुढे धावतं. म्हणून इंग्रजी सुधारायची म्हणून घरातल्या मराठी गोष्टी बंद करणं मला घातक वाटतं. आजीनं सांगितलेल्या गोष्टींच्या जोरावरच मूल परभाषेतली गोष्ट पकडतं.

उलट्या दिशेचं उदाहरण तर गोव्याच्याच मातीतलं आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी इथली भाषा शिकली, इथल्या पुराणांची घडण आणि ओवी आत्मसात केली आणि सुमारे ११ हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ साली राशोलला छापलं गेलं. परभाषेत इतकं लिहिण्याची ताकद केवळ व्याकरणातून येत नाही. गोष्ट सांगण्याची इथली रीतच त्यांनी उचलली होती.

झोपेबद्दलही एक कामाची गोष्ट. २००७ साली दुमे आणि गॅस्केल यांनी प्रौढांना ‘कथीड्रल’सारख्या ओळखीच्या शब्दांशी मिळतेजुळते बनावट शब्द ऐकवून शिकवले. रात्रीची झोप मिळाल्यावर हे नवे शब्द जुन्या शब्दांच्या ओळखण्यात लुडबुड करू लागले, म्हणजे मनातल्या शब्दकोशात त्यांची नोंद झाली. सकाळी शिकून बारा तास जागं राहिलेल्यांत तसं घडलं नाही. झोपण्यापूर्वी दोन-चार पानं वाचायला यापेक्षा चांगलं कारण मी देऊ शकणार नाही.

शब्दांपलीकडेही काही मिळतं. चांगलं साहित्य वाचून लगेच दुसऱ्याचं मन ओळखता येतं, असा २०१३ सालचा एक निष्कर्ष फार गाजला होता. पुढे इतरांनी तोच प्रयोग केला तेव्हा तो टिकला नाही. म्हणून असे दावे जपून घ्यावेत. त्यामानानं इटलीतल्या प्राथमिक शाळांतला एक अभ्यास मला आपल्या जास्त जवळचा वाटतो. सहा आठवडे मुलांना हॅरी पॉटरच्या कथांतले उतारे वाचायला देऊन त्यांवर चर्चा केली. जिथे कुळाच्या शुद्धतेवरून भेदभाव होतो असे उतारे वाचलेल्या आणि हॅरीत स्वतःला पाहणाऱ्या मुलांचं स्थलांतरितांविषयीचं मत नंतर निवळलेलं दिसलं. गोव्यातल्या वर्गांतही कामासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांची मुलं असतात, आणि ‘भायले’ (म्हणजे बाहेरचे) हा शब्द इतर मुलांच्या कानावर घरातूनच पडलेला असतो. अशा वर्गात त्या उताऱ्यांवर बोलायला एक तास काढावा, असं मला मनापासून वाटतं.

मोठ्यांसाठी मार्ग बहुधा पडद्यावरचा आहे. कळंगुटच्या शॅकवर किंवा विमानतळाच्या टॅक्सी स्टँडवर काम करणाऱ्या तरुणांना इंग्रजी येते, पण स्कॉटलंडचा पाहुणा बोलू लागला की उच्चार डोक्यावरून जातात. २००९ साली मिटरर आणि मॅक्वीन यांनी नेमका हाच प्रश्न डच विद्यार्थ्यांवर तपासला. स्कॉटिश किंवा ऑस्ट्रेलियन ढंगाच्या इंग्रजीतलं चित्रीकरण कोणाला इंग्रजी सबटायटल्ससह दाखवलं, कोणाला डच सबटायटल्ससह, कोणाला नुसतंच. केवळ २५ मिनिटांनंतर इंग्रजी सबटायटल्सवाल्यांना त्याच ढंगातली नवी वाक्यंही जास्त चांगली ऐकू येऊ लागली. मातृभाषेतल्या सबटायटल्सनी नव्या वाक्यांच्या बाबतीत तोटाच केला, कारण कान आणि डोळे दोन वेगळ्या भाषांत ओढले गेले. फँटसी मालिकांत राजे, दरबारी आणि खेडूत ब्रिटनच्या निरनिराळ्या प्रांतांच्या ढंगात बोलताना बऱ्याचदा ऐकू येतात, म्हणून या सरावाला त्या चांगल्या. हिंदी डबिंग बंद करून ध्वनी आणि सबटायटल्स दोन्ही इंग्रजीत ठेवावी लागतात. पहिल्या भागात वाचायचं की पाहायचं अशी तारांबळ उडते. तो भाग दुसऱ्यांदा पाहिला तरी चालतो, कथानक आधीच कळलेलं असल्यानं दुसऱ्या खेपेला कान उच्चारांकडे मोकळे राहतात.