एएफसी चॅम्पियन्स लीग २०२१ : फातोर्ड्यापर्यंतची वाट

२० एप्रिल २०२१ची रात्र, मडगावचं फातोर्डा स्टेडियम, सामन्याचं चौदावं मिनिट. एफसी गोवाच्या ब्रँडन फर्नांडिसने फ्रीकिक उचलून गोलसमोर टाकली, संघातला एदू बेदिया गर्दीतून वर उठला आणि डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. समोर होता पर्सेपोलिस, तेहरानचा लाल जर्सीवाला बलाढ्य संघ, चारच महिन्यांपूर्वी याच स्पर्धेचा अंतिम सामना खेळलेला. आशियाच्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेच्या, म्हणजे एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत भारतीय क्लबने केलेला हा पहिला गोल. पण स्टेडियममध्ये तो बघायला प्रेक्षकच नव्हते. जल्लोष झाला तो मैदानावरच्या खेळाडूंचा आणि राखीव बाकावरच्यांचा.

आघाडी टिकली जेमतेम चार मिनिटं. मेहदी तोराबीने पेनल्टीवर बरोबरी साधली, चोविसाव्या मिनिटाला जलाल हुसेनीने दुसरा गोल केला आणि एफसी गोवा १-२ असा हरला.

स्पर्धा सुरू झाल्यापासून या चार मिनिटांपर्यंत यायला चोपन्न वर्षं गेली. आणि ती वाट नुसती मैदानावरून आली नाही. बराचसा रस्ता आशियाई फुटबॉल महासंघाच्या (एएफसी) क्वालालंपूरच्या बैठकांमधून, कागदावरच्या निकषांमधून आणि मध्येच बदललेल्या नियमांमधून आला. २०२१च्या मोसमाबद्दल बोलताना एफसी गोवाने तीन सामने बरोबरीत सोडवले, एवढंच सांगून थांबलं तर अर्धी गोष्ट राहून जाते.

मुळात ही स्पर्धा १९६७ मध्ये बँकॉकला सुरू झाली. तेव्हा नाव वेगळं होतं आणि आटोपशीर काम होतं : देशोदेशीचे विजेते एका गावात जमवायचे, पंधरवड्यात सगळं उरकायचं. पहिलं विजेतेपद इस्राएलच्या हापोएल तेल अवीवने मलेशियाच्या सेलांगोरला २-१ हरवून मिळवलं. इस्राएल त्या काळी आशियाई महासंघातच होता, हे आज अनेकांना ठाऊक नसतं.

भारताचा प्रश्न असा की पाठवायला राष्ट्रीय विजेता क्लबच नव्हता. देशभराची लीग नव्हती, ती यायला १९९६ उजाडलं. मग तोडगा निघाला तो खास आपल्याकडचा : संतोष ट्रॉफी जिंकणारा राज्याचा संघ क्लब म्हणून धाडायचा. १९६९ मध्ये म्हैसूर बँकॉकला गेला आणि चौथा आला. जपानच्या टोयो कोग्योने त्यांना तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात हरवलं. पुढच्या वर्षी तेहरानला बंगाल गेला, तोही चौथा. म्हणजे ज्यांना क्लब म्हणणंही अवघड होतं, त्या संघांनी सलग दोन वर्षं आशियात चौथा क्रमांक मिळवला होता. त्या वेळी संघ मोजकेच असायचे, हे मान्य. तरी तो चौथा क्रमांक पुढे पन्नास वर्षांत कुणा भारतीय संघाला गाठता आला नाही.

१९७१ मध्ये गाडी रुळावरून घसरली. अंतिम फेरीत इराकचा अल-शोर्ता आणि मक्काबी तेल अवीव समोरासमोर आले. इराकी खेळाडूंनी इस्राएली संघाशी खेळायला नकार दिला आणि पॅलेस्टाइनचा झेंडा घेऊन मैदानाला फेरी मारली. कप न खेळताच मक्काबीला गेला. पुढच्या वर्षीची स्पर्धा रद्द झाली आणि मग चौदा वर्षं आशियात क्लबांची मोठी स्पर्धाच झाली नाही. दरम्यान इस्राएलची महासंघातून हकालपट्टी झाली.

१९८५ मध्ये स्पर्धा पुन्हा उभी राहिली, पण तिची घडी बसायला वेळ लागला. एक मासला सांगतो : १९८७च्या अंतिम फेरीत सौदीच्या अल-हिलालने माघार घेतली, कारण त्यांचे बरेच खेळाडू राष्ट्रीय संघासाठी बोलावले गेले होते. जपानचा योमिउरी न खेळता विजेता ठरला. अशा गोष्टी त्या काळात चालून जायच्या.

खरं वळण आलं २००२ मध्ये. महासंघाने क्लब विजेत्यांची स्पर्धा, चषकविजेत्यांची स्पर्धा आणि सुपर कप या तिन्ही एकत्र करून एएफसी चॅम्पियन्स लीग काढली. युरोपचा कित्ता गिरवायचा, टीव्हीचे पैसे आणायचे, हा हेतू उघड होता. पहिला मोसम अमिरातीच्या अल-ऐनने जिंकला. मात्र त्याच सुमारास देशांची प्रतवारीही झाली. प्रगत फुटबॉलवाले देश चॅम्पियन्स लीगमध्ये, ‘विकसनशील’ देश २००४ पासून सुरू झालेल्या एएफसी कपमध्ये. भारत दुसऱ्या रांगेत बसला.

त्या रांगेत आपण वाईट खेळलो असं नाही. गोव्याच्या डेम्पोने २००८ मध्ये एएफसी कपची उपांत्य फेरी गाठली, ईस्ट बंगालने २०१३ मध्ये. बंगळुरू एफसी तर २०१६ मध्ये दोह्यात अंतिम सामना खेळला आणि इराकच्या हवाई दलाच्या संघाकडून ०-१ हरला. हे इराकी नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे. पण चॅम्पियन्स लीगचं दार किलकिलंच राहिलं. आय-लीगच्या, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगच्या, संघांना मिळायची ती पात्रता फेरी, तीही बहुतेकदा परदेशात एका रात्रीत निकाल लावणारी. पुणे एफसी २०१४ मध्ये हनोईला जाऊन ०-३ हरला. मोहन बागानने २०१६ मध्ये सिंगापूरच्या टॅम्पिन्सला हरवून एक पायरी चढली, पुढच्याच सामन्यात चीनच्या शानदोंगने त्यांना सहा गोल घातले. २०१८ मध्ये आयझॉल इराणच्या झोब अहानकडून १-३ हरून परतला. दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत एक बातमी यायची आणि विषय संपायचा.

मग २०१९ मध्ये दोन गोष्टी जुळून आल्या. एक म्हणजे, महासंघाने २०२१ पासून चॅम्पियन्स लीग ३२ वरून ४० संघांची करायचं ठरवलं. पश्चिम विभागात वीस, पूर्वेत वीस. जागा वाढल्यावर भारतालाही थेट गटसाखळीत एक खुर्ची मिळाली. दुसरी गोष्ट घरातली. आय-लीग मोठी की इंडियन सुपर लीग (आयएसएल), हे भांडण वर्षानुवर्षं धुमसत होतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्वालालंपूरला बैठक झाली आणि ठरलं की आयएसएलच्या गुणतालिकेत अव्वल येणारा संघ चॅम्पियन्स लीगला जाईल, आय-लीगचा विजेता एएफसी कपला.

इथे ‘गुणतालिकेत अव्वल’ हे शब्द महत्त्वाचे. तोवर आयएसएलमध्ये साखळीत पहिला येण्याला काडीची किंमत नव्हती. शेवटी प्ले-ऑफ खेळायचे, अंतिम सामना जिंकेल तो विजेता. आता साखळी जिंकणाऱ्याला ‘लीग विनर्स शील्ड’ आणि आशियाचं तिकीट, अशी नवी सोय झाली. तिचा पहिला लाभार्थी एफसी गोवा.

तोही मोठ्या नाट्यानंतर. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना क्लबने २०२०च्या जानेवारीअखेरीस, संघ तालिकेत वर असताना, घरी पाठवलं. क्लिफर्ड मिरांडा या गोव्याच्याच माजी खेळाडूकडे तात्पुरती सूत्रं आली. १९ फेब्रुवारीला गोव्याने जमशेदपूरला त्यांच्याच मैदानावर ५-० धुतलं आणि शील्ड पक्कं केलं. नंतर उपांत्य फेरीत मात्र चेन्नईयनने त्यांना बाहेर काढलं. जुना नियम असता तर त्या मोसमात गोव्याच्या हाती काहीच लागलं नसतं. नवा नियम पहिल्याच वर्षी कामी आला.

त्या मोसमाचा आयएसएलचा अंतिम सामना १४ मार्च २०२० रोजी फातोर्ड्यालाच झाला, तोही बंद दाराआड. कोरोना आला होता.

मधल्या वर्षात संघ विस्कटला. शील्ड मिळवून देणारा गोलवीर कोरो (फेरान कोरोमिनास) गेला. ह्यूगो बुमूस, अहमद जाहू, मुर्तदा फॉल आणि म्हापशाचा मंदार राव देसाई हे सगळे मुंबई सिटीत गेले, जिथे लोबेराही पोचले होते. २०२०-२१चं शील्ड मुंबईने जिंकलं, त्यात आश्चर्य कसलं? म्हणजे ज्या संघाने आशियाचं तिकीट कमावलं, त्याचा कणाच दुसऱ्या गावी, आणि त्या तिकिटावर खेळायला नवे प्रशिक्षक हुआन फेरांदो यांचा नवा संघ. आयएसएलमध्ये फेरांदोंचा हुकमी गोलवीर होता इगोर अंगुलो, १४ गोल करून गोल्डन बूट मिळवलेला. पण महासंघाच्या नियमानुसार तीन परदेशी आणि एक आशियाई एवढेच खेळाडू घेता येणार. फेरांदोंनी बेदिया, इव्हान गोन्झालेस, होर्हे ओर्तिझ आणि आशियाई कोट्यातून ऑस्ट्रेलियाचा जेम्स डोनाची निवडले. गोल्डन बूटवाला बाहेर! बचाव भक्कम ठेवायचा, गोल कमी खायचे, हा हिशेब त्यातून स्वच्छ दिसतो. वयस्क स्ट्रायकरला आशियाई बचावफळ्यांसमोर एकटं सोडण्यापेक्षा तो शहाणपणाचा होता, असं माझं मत.

यजमानपदही महामारीमुळेच आलं. एरवी चॅम्पियन्स लीगचे सामने घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर होतात. त्या वर्षी प्रत्येक गट एकेका ठिकाणी खेळवायचा ठरला. रियाध, जेद्दा, शारजा आणि त्यांच्या रांगेत फातोर्डा. गोव्याकडे अनुभव होता : २०२०-२१ची अख्खी आयएसएल फातोर्डा, बांबोळी आणि वास्को अशा तीन मैदानांवर बायो-बबलमध्ये पार पडली होती. हे स्टेडियम १९८९ साली उघडलं आणि त्याच वर्षी त्यावर नेहरू कपातला ऑस्ट्रेलिया-श्रीलंका क्रिकेट सामनाही रंगला होता. 

गट ‘ई’ मध्ये पर्सेपोलिस, अमिरातीचा अल-वहदा, कतारचा अल-रय्यान आणि एफसी गोवा. अल-रय्यानचे प्रशिक्षक लॉराँ ब्लाँ, १९९८च्या विश्वविजेत्या फ्रान्सचा बचावपटू. अल-वहदाकडे प्रशिक्षक म्हणून नेदरलँड्सचे हेंक टेन काटे. रमजान नुकताच सुरू झाला होता, सामने रात्रीचे. बाहेर कोरोनाची दुसरी लाट चढत होती.

१४ एप्रिलला गोव्याने अल-रय्यानला गोलशून्य रोखलं, तीन दिवसांनी अल-वहदालाही. सगळ्यांच्या तोंडी नाव होतं गोलरक्षक धीरज सिंगचं. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या गोलमध्ये उभा राहिलेला हा मणिपुरी पोरगा मधल्या काळात बाकावर धूळ खात होता. त्याच वर्षी जानेवारीत एटीके मोहन बागानकडून गोव्यात आला आणि आता आशियातल्या नामांकित आघाडीवीरांपुढे डावीउजवीकडे झेपावत होता. त्यानंतर पर्सेपोलिसविरुद्धचा १-२, तीन दिवसांनी त्यांच्याचकडून ०-४. २६ एप्रिलला अल-रय्यानशी परतीचा सामना : तिसऱ्या मिनिटाला ओर्तिझने गोल केला आणि गोवा पुढचा जवळजवळ अख्खा सामना त्या एका गोलाला कवटाळून बसला. पहिला विजय हाताशी आला होता. एकोणनव्वदाव्या मिनिटाला बरोबरीचा गोल झाला. शेवटचा सामना अल-वहदाने २-० जिंकला.

तीन गुण, गटात तिसरा क्रमांक, अल-रय्यान खाली. पर्सेपोलिस आणि अल-वहदा दोघेही पुढे गेले. नोव्हेंबरमध्ये रियाधला अल-हिलालने कोरियाच्या पोहांगला २-० हरवून चौथ्यांदा आशिया जिंकला. नासर अल-दौसारीचा पहिला गोल अर्ध्या मिनिटाच्या आत झाला होता.

विजयाची उणीव पुढच्याच वर्षी मुंबई सिटीने भरून काढली. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये इराकच्या त्याच हवाई दलाच्या संघाविरुद्ध मुंबई आधी पिछाडीवर पडली. दिएगो मौरिसिओने पेनल्टीवर बरोबरी केली आणि जाहूच्या कॉर्नरवर मुंबईच्याच राहुल भेकेने हेडर मारला : २-१. चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीतला भारतीय क्लबचा पहिला विजय. मुंबई गटात दुसरी आली, सात गुणांसह. गोव्यातून गेलेली माणसं दुसऱ्या जर्सीत ते काम पुरं करून आली, असं मडगावातल्या एखाद्याला वाटलं असेल तर त्याला दोष देता येणार नाही.

२०२३-२४ मध्ये मुंबई पुन्हा पात्र ठरली, पण सहाच्या सहा सामने हरली. आणि मग दारच हललं. २०२४ पासून वरची स्पर्धा ‘चॅम्पियन्स लीग एलिट’ झाली, संघ ४० वरून २४ वर आले, भारताची जागा दुसऱ्या पायरीवर, ‘चॅम्पियन्स लीग टू’मध्ये. जागा वाढल्या तेव्हा आपण आत गेलो, कमी झाल्या तेव्हा बाहेर आलो. त्यातही मोहन बागानने सलग दोन वर्षं इराणला जायला नकार दिला आणि स्पर्धेतून बाद झाला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या दुसऱ्या पायरीच्या स्पर्धेत सौदीचा अल-नस्र फातोर्ड्याला आला. या वेळी प्रेक्षकांना दारं उघडी होती. त्यांचा रोनाल्डो मात्र आलाच नाही. ब्रायसन फर्नांडिसने गोव्यासाठी गोल केला आणि सामना संपला पुन्हा त्याच आकड्यावर : १-२.