लहान मुलांच्या तापातली रक्ततपासणी

मुलाला ताप आला तर बहुतेक वेळा तो व्हायरल असतो आणि आपोआप उतरतो, पण थोड्या मुलांत त्याच्या मागे न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचं इन्फेक्शन) नाहीतर रक्तात पसरलेले जंतू असतात, आणि पहिल्या दिवशी दोन्हीकडची मुलं सारखीच दिसू शकतात म्हणून रक्त तपासतात.

नेहमीची तपासणी म्हणजे सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. त्यात पांढऱ्या पेशी कळतात, पण त्या नॉर्मल आल्या म्हणून गंभीर आजार नाही असं धरून चालत नाही. त्याहून सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन जास्त उपयोगी; ही रक्तातली प्रथिनं, जिवाणूंच्या इन्फेक्शनमध्ये बरीच वाढतात. सीआरपी लिव्हरमध्ये बनतं, १९३० मध्ये न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात पहिल्यांदा सापडलं. साधारण ८० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेलं तर गंभीर इन्फेक्शनचा संशय बळावतो, २० च्या खाली असलं तर धोका कमी, पण शून्य नाही. रिपोर्टवर युनिट बघाच, कारण काही लॅब डेसिलिटरमध्ये लिहितात आणि तिथला ८ म्हणजे इथला ८०!

खरी मेख वेळेची आहे. सीआरपी चढायला ६ ते १२ तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी ताप आला आणि रात्रीच रक्त दिलं तर आकडा कमी येऊ शकतो आणि घरचे उगाच निश्चिंत होतात. प्रोकॅल्सिटोनिन लवकर चढतं, पण ते महाग आणि छोट्या लॅबमध्ये सहसा होत नाही. म्हणून ताप नक्की कधी सुरू झाला ते डॉक्टरांना आधी सांगा.

कोकणात पावसाळ्यात, म्हणजे भातलावणीपासून पार गणपतीपर्यंत, घोळ अजून वाढतो. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि स्क्रब टायफस हे ताप जिवाणूंचे, त्यात सीआरपी वाढतं हे ठीक, पण मलेरिया जिवाणूंचा नसूनही त्यातही वाढतं. म्हणजे आकडा मोठा आला तरी मलेरियाची स्लाइड, डेंग्यूची टेस्ट वेगळी करावीच लागते, लघवीची तपासणी तर तान्ह्या बाळांत मुळीच सोडू नये.

ब्लड कल्चरमध्ये जंतू प्रत्यक्ष वाढवून बघतात, त्याला एक-दोन दिवस किंवा जास्तही लागतात. शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी रक्त घ्यावं, नंतर घेतलं तर जंतू न सापडण्याची शक्यता वाढते. मात्र मूल सुस्त पडलंय, धाप लागलीये, दूध पीत नाहीये अशा वेळी रिपोर्टसाठी औषध थांबवत नाहीत, आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला तर लॅबच्या आधी थेट हॉस्पिटल गाठायचं.