मेदपेशीजनन

मेदपेशीजनन : मेदऊतीतील मूलपेशींपासून चरबी साठवणाऱ्या मेदपेशी तयार होण्याची प्रक्रिया. पूर्ण वाढलेली मेदपेशी सहसा विभागत नाही. ती फुगते किंवा रोडावते, एवढेच. नवी मेदपेशी हवी असेल तर शरीराला मूलपेशींकडेच जावे लागते. त्या मेदऊतीतल्या बारीक रक्तवाहिन्यांना बिलगून असतात.

मूलपेशीपुढे हाड किंवा कूर्चा होण्याचेही मार्ग असतात. ते सोडून ती आधी पूर्वमेदपेशी बनते. दिसण्यात फरक जवळजवळ पडत नाही, त्यामुळे हा टप्पा अभ्यासकांना नेमका पकडणे अवघड जाते. पुढचा टप्पा मात्र डोळ्यांना दिसतो. इन्सुलिन आणि कॉर्टिसोल या संप्रेरकांच्या प्रभावाने काही जनुकनियंत्रक प्रथिने जागी होतात आणि ती पीपीएआर-गॅमा व सी/ईबीपी-अल्फा या दोन प्रथिनांना कामाला लावतात. ही जोडी नंतर एकमेकांना चालू ठेवते. मूळ इशारा थांबला तरी पेशी माघारी वळत नाही. यातले खरे मुकादम पीपीएआर-गॅमा. त्याच्याशिवाय मेदपेशी बनतच नाही. लांबट पेशी गोल होते, तिच्यात चरबीचे थेंब जमतात, ते मिळून एकच मोठा थेंब होतो आणि केंद्रक कडेला ढकलले जाते.

यातले बरेचसे ज्ञान १९७०च्या दशकात हॉवर्ड ग्रीन यांनी उंदराच्या भ्रूणपेशींतून वेगळ्या केलेल्या ३टी३-एल१ या पेशींवरून मिळाले. माणसातला पुरावा अनपेक्षित ठिकाणाहून आला. शीतयुद्धातील अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला, अन्नातून तो पेशींच्या डीएनएत उतरला आणि त्यावरून पेशींचे जन्मसाल काढता आले. २००८ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले, की प्रौढांत दरवर्षी सुमारे १० टक्के मेदपेशी बदलतात, पण त्यांची एकूण संख्या बहुतांशी बालपणी व किशोरवयातच ठरते.

नव्या मेदपेशी म्हणजे संकट, हा समज अर्धवट आहे. त्या पुरेशा बनल्या नाहीत तर जुन्या पेशी बेसुमार फुगतात आणि उरलेली चरबी यकृतात व स्नायूंत साठते. मेदऊती जवळपास नसलेल्या लिपोडिस्ट्रॉफीच्या रुग्णांना, अंगाने काटकुळे असूनही, तीव्र मधुमेह होतो. पायोग्लिटाझोन हे मधुमेहावरचे औषध पीपीएआर-गॅमालाच चेतवते : रक्तातली साखर उतरते, यकृतातली चरबी घटते, वजन मात्र वाढते.