क्रिएटिनिन वाढायच्या आधी

नाशिकमध्ये कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या आयसीयूबाहेर थोडा वेळ बसलं, की एक प्रश्न हमखास कानावर पडतो: 'आज क्रिएटिनिन किती आलं?' पेशंट न्यूमोनियाचा असो, डेंग्यूचा असो, नाहीतर सुरगाण्याकडून रात्रीच्या अँब्युलन्सने आणलेला सर्पदंशाचा. दोन-तीन दिवसांत घरच्यांना हा शब्द तोंडपाठ होतो. १.१ आलं की जीव भांड्यात पडतो, २.४ आलं की गावाकडे फोन सुरू होतात.

या आकड्यावर सगळ्यांचा भरवसा, पण किडनीच्या बाबतीत त्याचं काम म्हणजे वरातीमागून घोडं. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून रोज ठरावीक प्रमाणात निघणारा कचरा. किडन्या तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. गाळणं मंदावलं की तो रक्तात साठतो, पण साठायला वेळ लागतो. समजा, आज संध्याकाळी सहा वाजता दोन्ही किडन्यांचं काम साफ थांबलं, तरी क्रिएटिनिन दिवसाला डेसिलिटरमागे साधारण १ ते १.५ मिलिग्रॅमनेच चढतं. म्हणजे रात्री आठच्या नमुन्यात ते जवळजवळ नॉर्मल येणार आणि रिपोर्ट बघून सगळे निर्धास्त झोपणार.

आयसीयूतल्या पेशंटमध्ये हा उशीर आणखी वाढतो. जंतुसंसर्ग रक्तात पसरलेल्या माणसाला सुरुवातीलाच किलोमागे ३० मिलिलिटर या हिशेबाने सलाइन देतात. साठ किलोच्या माणसाला जवळपास दोन लिटर. त्यात क्रिएटिनिन पातळ होतं. शिवाय अंथरुणाला खिळलेल्या पेशंटचे स्नायू झपाट्याने झडतात, त्यामुळे ते तयारच कमी होतं. मुळात सडपातळ, वयस्कर बाई असेल तर तिचं १.० हे किडनी बिघडल्याचं लक्षण असू शकतं, आणि तालमीतल्या पोराचं १.३ अगदी निरोगी. छापील 'नॉर्मल रेंज'मध्ये मात्र बहुधा दोघेही बसतात.

किडनीच्या अशा अचानक इजेला डॉक्टर 'एकेआय' म्हणतात. २०१२ पासून जगभर वापरात असलेली तिची व्याख्या अशी: ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट झालं, किंवा सहा तास लघवी किलोमागे ताशी अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी झाली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ३३ देशांतल्या पाहणीत आयसीयूतल्या निम्म्याहून जास्त, ५७ टक्के पेशंटना कमी-अधिक प्रमाणात ही इजा झालेली आढळली. गोष्ट दुर्मिळ नाही.

गोदावरीचा पूर नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं. पण घाटावरच्या दुकानदाराला सामान हलवायचं असेल, तर त्याने गंगापूर धरणातून किती क्यूसेक सोडले ते ऐकायला हवं. क्रिएटिनिन म्हणजे मारुती. संशोधक गेली वीस वर्षं शोधताहेत ते धरणावरचा आकडा सांगणारं रसायन, म्हणजेच 'मार्कर'.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव एनगॅल. हे एक छोटं प्रोटीन आहे. किडनीतल्या बारीक नलिकांच्या पेशींना रक्त कमी पडलं किंवा विषारी द्रव्याचा मार बसला, की त्या काही तासांतच ते भराभर तयार करू लागतात आणि ते लघवीत व रक्तात उतरतं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या डॉक्टरांनी हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या २० जणांना एकेआय झाला. क्रिएटिनिनवरून निदान व्हायला एक ते तीन दिवस लागले, तर एनगॅल शस्त्रक्रियेनंतर दोन तासांतच वर गेलेलं होतं. ट्रोपोनिन म्हणजे हार्ट अटॅक ओळखण्याची रक्तातली खूण. तेव्हा 'हार्ट अटॅकला ट्रोपोनिन, तसं किडनीला एनगॅल' अशी हवा झाली.

हवा नंतर बरीच उतरली, आणि ती का उतरली हे समजून घेण्यासारखं आहे. त्या मुलांना दुसरा आजार जवळजवळ नव्हता आणि किडनीला मार कधी बसला याची वेळ घड्याळात बघून सांगता येत होती. आयसीयूतल्या पन्नाशीच्या, मधुमेह असलेल्या, छातीत जंतुसंसर्ग झालेल्या माणसात यातलं काहीच नसतं. त्यातून एनगॅल फक्त किडनीत बनत नाही. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची सुरुवातच 'न्यूट्रोफिल'ने होते, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनी. मोठा संसर्ग असेल तर किडनी धडधाकट असतानाही रक्तातलं एनगॅल चढलेलं दिसतं. आणि आयसीयूत संसर्ग नसलेला पेशंट शोधावा लागतो! म्हणून रक्तातल्या एनगॅलपेक्षा लघवीतल्या एनगॅलवर अनेकांचा जास्त विश्वास आहे.

अलीकडे चर्चेत असलेला दुसरा रक्तातला मार्कर म्हणजे प्रोएन्केफॅलिन, लाडकं नाव पेनकिड. हा किडनीतून सहज गाळला जाणारा प्रोटीनचा तुकडा आहे, म्हणजे तो इजा नव्हे तर गाळण्याचा वेग दाखवतो. संसर्गाने तो एनगॅलइतका हलत नाही, हा त्याचा गुण. लघवीतल्या दोन प्रोटीनांचा गुणाकार करून धोका सांगणाऱ्या नेफ्रोचेक या चाचणीला अमेरिकेत २०१४ मध्ये परवानगी मिळाली.

आता थोडं गणित, कारण 'चाचणी ८० टक्के अचूक' अशा वाक्यात बरंच काही लपतं. आकडे मी उदाहरणासाठी घेतोय. एका आयसीयूत १०० पेशंट, त्यातल्या ४० जणांना एकेआय होणार आहे. चाचणी होणाऱ्यांपैकी ८० टक्के पकडते आणि न होणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांना बरोबर सोडून देते. म्हणजे खरे पकडलेले ३२, खोटे १२. पॉझिटिव्ह आलेल्या ४४ जणांत बहुतेक खरेच. हीच चाचणी साध्या वॉर्डात करा, जिथे १०० मधल्या फक्त पाच जणांना एकेआय होणार आहे. खरे चार, खोटे १९. तीच चाचणी, तेच यंत्र, पण पॉझिटिव्ह आलेल्या २३ पैकी १९ जणांच्या घरच्यांना विनाकारण घोर. त्यामुळे 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये कुणी एनगॅल घालून विकू लागलं, तर पैसे वाचवावेत.

बरं, आधी कळलं तर करायचं काय? किडनीची इजा परतवणारं औषध आजही नाही. डायलिसिस लवकर सुरू करावं, असं वाटणं साहजिक आहे, पण २०२० मध्ये तीन हजारांच्या आसपास पेशंटवर झालेल्या स्टार्ट-एकेआय चाचणीत लवकर डायलिसिस केलेल्या आणि वाट पाहिलेल्या, दोन्ही गटांत ९० दिवसांतले मृत्यू जवळपास सारखे निघाले, ४४ टक्क्यांच्या घरात. आधी कळण्याचा खरा उपयोग किडनीला त्रास देणाऱ्या गोष्टी थांबवण्यात आहे: डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं बंद करणं, अमिकॅसिनऐवजी दुसरं अँटिबायोटिक बघणं, रक्तदाब पडू न देणं, सलाइन नेमकं मोजून देणं. २०१७ मधल्या एका जर्मन अभ्यासात हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर मार्कर पॉझिटिव्ह आलेल्या २७६ जणांपैकी निम्म्यांची अशी काटेकोर काळजी घेतली. एकेआयचं प्रमाण ७२ टक्क्यांवरून ५५ वर आलं. मृत्यू आणि डायलिसिस यांत मात्र फरक दिसला नाही.

माझं मत विचाराल तर नाशिकसारख्या ठिकाणी नव्या मार्करआधी दोन जुन्या गोष्टी नीट व्हाव्यात. पहिली, लघवीच्या पिशवीचं ताशी माप. बहुतेक वेळा ते क्रिएटिनिनच्या आधी बोलतं आणि त्याला फक्त खुणा असलेली पिशवी आणि लिहिणारी सिस्टर लागते. दुसरी, सर्पदंशात. भातलावणीच्या दिवसांत इगतपुरी, त्र्यंबक, पेठकडे घोणस चावते. तिच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, रक्तदाब पडतो आणि किडनीच्या नलिका मरतात. पेशंट पोचतो तेव्हा क्रिएटिनिन बहुधा नॉर्मलच असतं. पण स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवलं आणि नळी कलती केल्यावर ते गोठलेलं नसेल, तर विष पसरलंय आणि प्रतिविष लगेच द्यायला हवं. किडनी धोक्यात असल्याचा हा रक्तातलाच इशारा, आणि तो प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतो. श्रीलंकेत घोणस चावलेल्यांवर एनगॅल, क्लस्टेरिन वगैरे मार्कर तपासले गेले आहेत. ती दिशा आपल्याकडच्या संशोधकांनी उचलण्याजोगी आहे.

एक मार्कर मात्र आजही हाताशी आहे आणि त्याचा वापर मला कमी वाटतो: सिस्टॅटिन सी. शहरातल्या मोठ्या लॅब तो करून देतात. शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी हे प्रोटीन बनवतात, त्यामुळे स्नायू कमी-जास्त असण्याने त्याला फारसा फरक पडत नाही. स्टिरॉइड किंवा थायरॉइडचा बिघाड असेल तर तो फसवतो, एवढं डॉक्टरांच्या कानावर घालावं. त्याची खरी गरज पेशंट घरी गेल्यावर लागते. एकेआय होऊन गेलेल्या प्रत्येकाची किडनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासावी, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. महिनाभर आयसीयूत काढलेला माणूस दहा-बारा किलोने वाळलेला असतो. त्याचं क्रिएटिनिन ०.८ येतं, 'किडनी एकदम ओके' म्हणून फाइल बंद होते, आणि गाळण्याची ताकद प्रत्यक्षात निम्म्यावर आलेली असू शकते. अशा पेशंटच्या तिसऱ्या महिन्याच्या चिठ्ठीवर क्रिएटिनिनच्या जोडीला सिस्टॅटिन सी आणि लघवीतलं अल्ब्युमिन लिहून घ्यावं. आणि आजारपणाच्या आधीचा एखादा जुना रिपोर्ट घरात असेल तर तो सोबत न्यावा, कारण मूळ आकडा माहीत नसेल तर दीडपट कशाची काढणार?