ब्रॉडबँडचा वेग वाढवायचाय? कोकणातल्या घरांसाठी पात्रता, कागदपत्रं, अर्ज आणि महिन्याची डेटा मर्यादा

प्लॅन वाढवण्याचा अर्ज हे या सगळ्यातलं सगळ्यात सोपं काम. अ‍ॅपवर दोन-चार बटणं, एक ओटीपी, झालं. घोडं अडतं ते दुसरीकडेच. कनेक्शन वारलेल्या आजोबांच्या नावावर असतं, ओटीपी डोंबिवलीतल्या भावाच्या बंद पडलेल्या नंबरावर जातो, आणि एवढं निस्तरून वेग वाढवला तरी माजघरात व्हिडिओ अडकतोच. म्हणून अर्जाच्या आधी काय बघायचं, यावरच इथे जास्त लिहिलं आहे.

आधी दुखणं कुठलं ते बघा

नेट हळू चालतं, या एका तक्रारीमागे निदान तीन वेगळी कारणं असतात: घरातली भिंत किंवा वायर, बाहेरचं फायबर, किंवा प्लॅनच अपुरा. महाग प्लॅन त्यातल्या शेवटच्यावरच लागू पडतो.

लॅपटॉप राउटरला लॅनच्या वायरने जोडा, घरातले बाकीचे मोबाइल वायफायवरून काढा आणि वेग मोजा. ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचं, ‘मायस्पीड’ अ‍ॅप मोबाइलवर चालतं, पण पहिली चाचणी वायरवरच करावी. वायरवर प्लॅनइतका वेग मिळतोय आणि मागच्या खोलीत मिळत नाही, तर दोष कंपनीचा नाही, चिऱ्याच्या भिंतीचा. जांभ्या दगडाची जाड भिंत वायफायचे ५ गिगाहर्ट्झचे सिग्नल चांगलेच अडवते, २.४ गिगाहर्ट्झचे त्यातल्या त्यात पार जातात, पण त्यांचा वेग मुळात कमी. अशा घरात ५० एमबीपीएसचा प्लॅन १५० चा केला तरी पडवीत फरक पडेल, माजघरात नाही. तिथे माळ्यावरून लॅनची वायर नेऊन दुसरा राउटर बसवणं स्वस्त पडतं.

वायरवर वेग कायम ९४-९५ एमबीपीएसवर अडकतोय आणि प्लॅन २०० चा आहे, असं असेल तर राउटरचा पोर्ट किंवा वायर जुनी, १०० एमबीपीएसवाली आहे. पैसे २०० चे जातात आणि घरात शंभरसुद्धा पुरते येत नाहीत. अशी घरं बरीच आहेत.

दुसरं कारण फायबरचं. आमच्याकडे फायबर बहुतेक ठिकाणी जमिनीखालून नाही, खांबांवरून आणि झाडांवरून येतं. फांदी पडली की तुटतं, मग जोड मारला जातो, आणि प्रत्येक जोडावर प्रकाश थोडा कमी होतो. जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते ही दोन वादळं ज्या पट्ट्यातून गेली, तिथल्या तारांवर असे जोड किती बसले असतील याचा अंदाज करा. लाइनमन आला की प्रकाश किती पोचतो तो त्याच्या पॉवर मीटरवरचा आकडा विचारा. उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर लाइन ठणठणीत. उणे २७ च्या पलीकडे गेला असेल तर कुठलाही प्लॅन घ्या, नेट तुटत राहणार. तिथे अर्ज प्लॅनचा नाही, लाइनदुरुस्तीचा करायचा.

आणखी एक गोंधळ. प्लॅनमधला आकडा मेगाबिटचा असतो आणि फाइल उतरवताना दिसणारा मेगाबाइटचा. आठ मेगाबिटांचा एक मेगाबाइट, म्हणून १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट. बारा दिसले म्हणून कंपनीला फोन लावू नका.

महिन्याची मर्यादा

जाहिरातीत ‘अनलिमिटेड’ लिहिलेलं असलं तरी बहुतेक घरगुती प्लॅनला वरची रेघ असते. तिला एफयूपी म्हणतात. जिओ, एअरटेल आणि बीएसएनएल यांच्या फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये ती महिन्याला ३,३०० जीबी आहे. गच्चीवर किंवा भिंतीवर अँटेना लावून मिळणाऱ्या एअरफायबरला सहसा १,००० जीबी. फरक तिपटीहून जास्त आहे, आणि वाडीपर्यंत तार आलेली नसल्यामुळे एअरफायबर घेणाऱ्यांना तो विकताना कुणी सांगत नाही.

घरगुती वापरात ३,३०० जीबी संपत नाहीत. एचडी व्हिडिओ तासाला साधारण ३ जीबी खातो, फोर-के सुमारे ७. पाच माणसांनी रोज चार-चार तास एचडी पाहिलं तरी महिन्याचे १,८०० होतात. मग संपतात कुणाचे? कॅमेरेवाल्यांचे. मुंबईला राहून गावच्या बंद घरावर आणि बागेवर लक्ष ठेवायला आता घरोघरी कॅमेरे लागले आहेत. २ एमबीपीएसने क्लाउडवर अखंड रेकॉर्डिंग पाठवणारा एक कॅमेरा दिवसाला २१ ते २२ जीबी, म्हणजे महिन्याला साडेसहाशे जीबीच्या घरात जातो. असे चार असले की २,६०० जीबी घरात कुणी नसतानाच संपले, कारण मर्यादेत सहसा डाउनलोड आणि अपलोड दोन्ही मोजतात. एअरफायबरवर दोनच कॅमेऱ्यांत महिना आटोपतो.

‘हालचाल दिसली तरच रेकॉर्ड कर’ असं सेटिंग ठेवलं तरी पावसाळ्यात माडाच्या झावळ्या दिवसरात्र हलतच असतात. कॅमेऱ्याच्या चौकटीतून झाडाचा भाग वगळा आणि रेकॉर्डिंग मेमरी कार्डावर किंवा घरातल्या डीव्हीआरवर ठेवा. मोबाइलवरून बघाल तेवढाच डेटा जाईल. यासाठी अर्जही नको आणि जादा पैसेही.

मर्यादा संपल्यावर काय, हे प्लॅन घेण्याआधी कळणं हा तुमचा हक्क आहे. २०१६ साली ट्रायने कंपन्यांना बजावलं की मर्यादा किती, तोवर वेग किती आणि नंतर किती, हे वेबसाइटवर आणि जाहिरातीत स्पष्ट लिहा. फिक्स्ड ब्रॉडबँडचा वेग मर्यादेनंतरही ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नका. आणि डेटा ५०, ९० व १०० टक्के वापरला गेला की ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेलने कळवा. हे एसएमएस नोंदणीकृत नंबरावरच जातात, म्हणजे पुन्हा तो डोंबिवलीचा नंबर. पुढे जानेवारी २०२३ पासून ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस वेग लागतो, अशी सरकारी व्याख्या झाली.

मोजणी १ तारखेपासून सुरू होते की बिलाच्या तारखेपासून, तेही विचारून ठेवा. होमस्टेवाल्यांना दिवाळीत आणि मे महिन्यात याचा उपयोग होतो.

पात्रता

वय १८ पूर्ण, कनेक्शन तुमच्या नावावर, मागची थकबाकी शून्य आणि तुमच्या लाइनवर तो वेग देता येणं शक्य, एवढंच लागतं. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, सात-बारा यातलं काही लागत नाही. कुणी मागितलंच तर कशासाठी ते विचारा.

जुनी तांब्याची लँडलाइन असेल तर तिच्यावर नुसता प्लॅन बदलून शंभरचा वेग येणार नाही. ते फायबरचं नवं कनेक्शन धरलं जातं. जुना नंबर कायम ठेवायचा असेल तर अर्जातच तसं लिहा. आणि ब्रॉडबँडला मोबाइलसारखी पोर्टिंगची सोय नाही. कंपनी बदलायची तर जुनं बंद, नवं सुरू.

होमस्टेचं थोडं निराळं. घरगुती प्लॅन घरगुती वापरासाठीच असतो आणि पाहुण्यांना वायफाय देऊन मर्यादा ओलांडत राहिलात तर कंपनी तो व्यावसायिक वापर ठरवू शकते. पाच-सहा खोल्या असतील तर सरळ बिझनेस प्लॅन घ्या. त्यासाठी उद्यम नोंदणी किंवा जीएसटी प्रमाणपत्र मागतात. पाहुण्यांसाठी राउटरमध्ये वेगळं गेस्ट नेटवर्क करा, कारण त्या कनेक्शनवरून जे काही होईल त्याची विचारणा आधी तुमच्याकडे येते. शेजारच्या चार घरांना वायर ओढून देऊन महिन्याचे पैसे घेणं मात्र चालत नाही. त्याला परवाना लागतो.

कागदपत्रं

त्याच कनेक्शनवर नुसता वेग वाढवायचा असेल तर बहुधा एकही कागद लागत नाही. ग्राहक क्रमांक आणि नोंदणीकृत मोबाइल पुरतो.

कागद लागतात ते नव्या कनेक्शनला, तांब्यावरून फायबरवर जाताना किंवा नाव बदलताना. ओळखीसाठी आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट किंवा वाहन परवाना यांपैकी एक, आणि फोटो. पत्त्यासाठी लाइट बिल किंवा घरपट्टीची पावती. कोकणात गाडी इथेच रुतते. आधारवर पत्ता मुंबईचा, लाइट बिल काकांच्या नावावर, घर सामाईक आणि घरपट्टी अजून पणजोबांच्या नावाने. अशा वेळी ग्रामपंचायतीकडून घराचा नमुना ८ चा उतारा घ्या आणि ज्याच्या नावावर लाइट बिल आहे त्याचं, किंवा सहहिस्सेदाराचं, साध्या कागदावर संमतीपत्र जोडा. भाड्याचं घर असेल तर भाडेकरार आणि मालकाची संमती.

कनेक्शनधारक वारले असतील तर मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि बाकी वारसांची ना-हरकत लागते. वारसांपैकी एक पुण्याला आणि एक दुबईला असला तर गणपतीत सगळे जमतात तेव्हाच सह्या घेऊन टाका. नाव बदलल्याशिवाय वेग वाढवता येतो का? ओटीपी मिळत असेल तर येतो, आणि वर्षानुवर्षं तसं चालतंही. पण पुढे डिपॉझिट परत मागताना किंवा तक्रारीचं अपील करताना तेच नाव आडवं येतं.

अर्ज

पहिलं काम नोंदणीकृत मोबाइल नंबर बदलून घेण्याचं. तो चालू असेल तर पुढचं सगळं घरबसल्या होतं. बीएसएनएलच्या फायबरसाठी १८००४४४४ या क्रमांकावर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हाय’ पाठवलं की पर्याय येतात. खासगी कंपन्यांचं त्यांच्या अ‍ॅपवर होतं. गावात बीएसएनएलचं फायबरही पुष्कळदा स्थानिक भागीदार, म्हणजे आपला केबलवालाच, जोडून देतो. अर्ज त्याच्याकडे दिला तरी चालतो. फक्त विनंती क्रमांक मागून घ्या. ‘सांगितलंय वर, होईल उद्या’ याला क्रमांक नसतो.

पैशांबाबत दोन प्रश्न लेखी विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलंत तरी पुरे. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरले असतील तर उरलेली रक्कम नव्या प्लॅनमध्ये वळती होणार का? आणि नको वाटला तर खालच्या प्लॅनवर कधी येता येईल? जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी धरा. ₹५०० चा प्लॅन ₹५९० ला पडतो.

वर्षातून दीड-दोन महिनेच घर उघडणाऱ्यांनी वेग वाढवण्याआधी कनेक्शन काही काळ थांबवता येतं का ते विचारावं. बीएसएनएलमध्ये लँडलाइनच्या काळापासून याला ‘सेफ कस्टडी’ म्हणतात.

नवा प्लॅन चालू झाला की फायबरचा डबा आणि राउटर बंद करून पुन्हा सुरू करा. मग वायरवर दोनदा वेग मोजा, एकदा पहाटे, एकदा रात्री नऊच्या सुमाराला, आणि स्क्रीनशॉट ठेवा. प्लॅनमध्ये ‘पर्यंत’ लिहिलेलं असतं, त्यामुळे रात्री थोडं कमी मिळणारच. पहाटेही निम्मं मिळत असेल तर तक्रार करा.

काम झालं नाही तर

आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक घ्या. त्याशिवाय पुढची पायरी नाही. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार मुदत संपल्यापासून ३० दिवसांत अपील करायचं, त्याला फी नाही, आणि निकाल ३९ दिवसांत यायला हवा. थेट ट्रायकडे अर्ज पाठवून उपयोग नाही. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो. बीएसएनएल सरकारी असल्याने केंद्राच्या सीपीग्रॅम्स पोर्टलवरही तक्रार चालते, आणि तिथून आलेल्या तक्रारीला स्थानिक कार्यालयाला लेखी उत्तर द्यावं लागतं. एवढं करूनही काही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. टेलिकॉमची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही असं अजूनही कुणी सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ती चालते असा निकाल दिला आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम ₹५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. बिलं, डॉकेट क्रमांक आणि ते पहाटेचे स्क्रीनशॉट एवढे कागद जोडा.