प्युरिटन

प्युरिटन : इंग्लंडच्या चर्चमधील धर्मसुधारणा अर्धवट राहिली आहे, ती पुरी करा, असा आग्रह सोळाव्या-सतराव्या शतकांत धरणारे प्रॉटेस्टंट. अतिशुद्धतेचे सोवळे मिरवणारे, अशा अर्थाने विरोधकांनी हिणवून दिलेले हे नाव पुढे त्यांना चिकटले.

आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये पोपची सत्ता झुगारून चर्च राजाच्या हाती घेतले. एलिझाबेथ राणीच्या १५५९ च्या कायद्यांनी शिकवण प्रॉटेस्टंट झाली. बिशप, सक्तीचे प्रार्थनापुस्तक आणि काही जुने विधी मात्र राहिले. धर्मगुरूचा पांढरा झगा, बाप्तिस्म्याच्या वेळी करायची क्रूसाची खूण, लग्नातली अंगठी, प्रभुभोजन घेताना गुडघे टेकणे यांवरून वाद पेटले. आज हे क्षुल्लक वाटते. पण पवित्र शास्त्रात जे सांगितलेले नाही, ते उपासनेत लादण्याचा अधिकार राणीला किंवा बिशपला कोणी दिला, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो मुळावर घाव घालणारा होता. १६०४ मध्ये हॅम्प्टन कोर्टच्या परिषदेत पहिल्या जेम्सने तो अचूक ओळखला : ‘बिशप नाही, तर राजा नाही.’

त्यांची श्रद्धा जिनिव्हाचा धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन याच्या शिकवणीवर उभी होती. तारण, म्हणजे पापातून सुटका, केवळ कृपेने होते आणि ते कोणाचे होणार, हे देवाने आधीच ठरवले आहे. अशा विचाराने माणूस निर्धास्त व्हावा, झाले उलटेच. आपण निवडलेल्यांत आहोत का, याच्या खुणा तो रात्रंदिवस स्वतःच्या अंतःकरणात शोधू लागला. रोजनिशी, घरची प्रार्थना, कडक पाळलेला रविवार, लांबलचक प्रवचने, हे सारे त्या घालमेलीतून आले. शास्त्र ज्याचे त्याने वाचायचे, म्हणून साक्षरताही आली : पन्नास घरांच्या गावाने शिक्षक नेमावा, असा कायदा अमेरिकेतील त्यांच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४७ मध्ये केला.

बहुतेकांना चर्च सोडायचे नव्हते. रॉबर्ट ब्राऊनसारखे थोडे जण फुटून निघाले. हेन्री बॅरो व जॉन ग्रीनवुड यांना १५९३ मध्ये फाशी झाली. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजाने अमेरिकेला गेलेल्यांत अशाच फुटीर मंडळीचे लोक होते. १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉपबरोबर मॅसॅच्युसेट्सला गेलेले मात्र आपण इंग्लंडच्या चर्चचेच आहोत, असे सांगत. स्वतःसाठी मागितलेली मोकळीक त्यांनी इतरांना दिली नाही, हा त्यांच्यावरचा डाग पुसता येत नाही. क्वेकर पंथाच्या मेरी डायरला १६६० मध्ये बॉस्टनमध्ये फासावर चढवले गेले.

इंग्लंडमध्ये आर्चबिशप लॉडने लादलेल्या विधींच्या सक्तीने तेढ वाढली. राजा आणि पार्लमेंट यांच्यातील यादवी युद्धात प्युरिटनांची सरशी झाली आणि १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. राजेशाही परतल्यावर १६६२ च्या कायद्याने संपूर्ण प्रार्थनापुस्तकाला संमती मागितली. ती न देणाऱ्या सुमारे २,००० धर्मगुरूंनी १६६० ते १६६२ या काळात आपली पदे गमावली. फूट पडली ती अशी, बाहेर ढकलले गेल्याने.

न्यू इंग्लंडमधील त्यांच्या वारसदार काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः पाहणाऱ्या) मंडळ्यांनी उभारलेल्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत पोहोचले. त्यातूनच अमेरिकन मराठी मिशन आणि १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक उभे राहिले.