दातांची कॅप व व्हिनियर
किडलेल्या, तुटलेल्या किंवा रंग बिघडलेल्या दातावर बसवण्याची कृत्रिम आवरणे. कॅप दाताला चहूबाजूंनी झाकते; व्हिनियर म्हणजे पुढच्या दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवलेला, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा. दोन्हींसाठी दात यंत्राने कमीअधिक घासून बारीक करावा लागतो आणि घासून गेलेले एनॅमल (दाताचे बाहेरचे कठीण कवच) पुन्हा तयार होत नाही. त्यामुळे आवरण कोणते घ्यावे यापेक्षा दात किती घासला जाणार, हा प्रश्न आधीचा.

कॅपचा उगम प्राचीन इटलीतील इट्रुस्कन लोकांपर्यंत, इ. स. पू. सातव्या शतकाच्या आसपास, नेण्याचा प्रघात आहे. तेथील थडग्यांत सापडलेल्या सोन्याच्या पट्ट्या मात्र दातांना वेढणाऱ्या आहेत, दात झाकणाऱ्या नाहीत. त्या हलते दात बांधण्यासाठी होत्या असे जुने मत. अलीकडे काही अभ्यासक त्यांना श्रीमंत स्त्रियांचा दागिना मानतात. कोणतेही मत धरले तरी त्यांना कॅपचे पूर्वरूप म्हणणे ताणल्यासारखे होते. आजच्या अर्थाची पोर्सेलीनची कॅप अमेरिकी दंतवैद्य चार्ल्स लँड यांची. तिचे वर्ष बहुधा 1889 दिले जाते, काही ठिकाणी 1903. पहिले वर्ष कल्पनेचे आणि दुसरे प्रसाराचे मानल्यास फारसा विरोध उरत नाही. धातूची कॅप नेमक्या मापाने ओतणे विल्यम टॅगर्ट यांच्या 1907च्या मेणसाच्याच्या (मेणाचा नमुना वितळवून त्या पोकळीत धातू ओतण्याच्या) पद्धतीनंतर सोपे झाले.

व्हिनियरचे जनकत्व चार्ल्स पिंकस यांना देतात. 1928 किंवा 1930च्या दशकात हॉलिवूडच्या नटांसाठी त्यांनी केलेले पापुद्रे कवळीच्या चिकटपुडीने लावलेले असत आणि चित्रीकरण संपले की काढून ठेवावे लागत. म्हणजे ते वेशभूषेचेच अंग होते. टिकाऊ व्हिनियरचा खरा पाया मायकेल बुओनोकोर यांनी 1955मध्ये घातला. फॉस्फोरिक आम्लाने एनॅमल किंचित खरबरीत केले की त्यावर राळ (रेझिन) घट्ट धरते, हे त्यांनी दाखवले. पोर्सेलीनलाही तशीच प्रक्रिया करून ते दाताला जोडण्याची पद्धत 1983च्या सुमारास रूढ झाली. व्हिनियरची पकड मुख्यतः एनॅमलवर असते. घासताना खालचे डेंटिन (एनॅमलखालचा मऊ थर) उघडे पडले की पकड सैलावते आणि दात थंड-गरम लागून शिवशिवतो.

2002मधील एका मोजणीनुसार दाताच्या दिसणाऱ्या भागापैकी व्हिनियरसाठी 3 ते 30 टक्के भाग जातो. पूर्ण सिरॅमिक (पोर्सेलीन व तत्सम साहित्याच्या) कॅपसाठी सुमारे दोन-तृतीयांश किंवा त्याहून जास्त. केवळ शोभेसाठी निरोगी दातावर कॅप बसवण्याचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे शहाणपणाचे. उलट रूट कॅनाल झालेल्या दाढेला सहसा कॅप हवीच, नाहीतर ती चिरण्याचा धोका असतो. अशी कॅप टिकायला हिरडीच्या वर दीड-दोन मिलिमीटर उंचीचा मजबूत दात सभोवार उरलेला असावा. तो नसेल तर कितीही महाग कॅप बेभरवशाची.

कोकण किनारपट्टीत दातांपुढच्या अडचणी वेगळ्या आहेत. श्रीवर्धनी रोठा आणि एकूणच सुपारीने दात झिजतात. सततच्या सुपारीने गालाची आतली कातडी ताठरते, तोंड पुरेसे उघडत नाही आणि मागच्या दाढेला घासण्याचे यंत्र लावणेच कठीण होते. अशा रुग्णाला कॅपआधी त्या दुखण्याची तपासणी लागते. मशेरी लावणाऱ्यांच्या हिरड्या खाली सरकतात, कॅपची कड उघडी पडते आणि तिथे नवी कीड धरते. कॅप किडत नाही, तिच्याखालचा दात किडतो. कोकमाच्या आगळाने (घट्ट रसाने) सिरॅमिक विरत नाही, पण उघड्या मुळाला ते आम्ल बाधते. सोलकढी किंवा कोकम सरबत प्यायल्यावर लगेच ब्रश करू नये, साध्या पाण्याने चूळ भरावी. कुर्लीचा डेंगा (खेकड्याची नांगी) दाताने फोडणाऱ्याने व्हिनियरचा विचार सोडावा किंवा ती सवय. रात्री दात खाणाऱ्यांना झोपताना घालायचा गार्ड लागतो.

दात पांढरेच असावेत, ही आवड सर्वकाळ नव्हती. पूर्वी महाराष्ट्रात सवाष्णी दातवण लावून दात काळे करीत, असे उल्लेख मिळतात.

आवरणाचे प्रकार : निकेल-क्रोमची धातूची कॅप स्वस्त आणि टिकाऊ, मात्र निकेलची अॅलर्जी असल्यास वर्ज्य. धातूवर सिरॅमिक चढवलेल्या कॅपची हिरडीलगत पुढे काळी रेघ दिसू शकते. सिरॅमिकच्या प्रकारांपैकी झिरकोनिया दाढेला, लिथियम डायसिलिकेट पुढच्या दातांना. कंपोझिटचे (दाताच्या रंगाच्या राळेचे) व्हिनियर एका बैठकीत होते, पण चहा-मशेरीने डागळते.

काम सुरू करण्याआधी दात साफ करून घ्यावेत आणि हिरड्यांतून रक्त येणे थांबू द्यावे. दात उजळवायचे असल्यास तेही आधीच, कारण सिरॅमिकचा रंग नंतर बदलत नाही. उजळवल्यावर साधारण दोन आठवडे थांबून मगच चिकटवतात. रंगाची निवड दिवसाच्या उजेडात आणि घासण्यापूर्वी व्हावी, कारण कोरडा पडलेला दात फिकट दिसतो. माप बहुतेक वेळा बाहेरच्या प्रयोगशाळेत जाते आणि मधले दिवस तात्पुरत्या कॅपवर काढावे लागतात. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी चार-पाच दिवसांत सगळे उरकण्याचा आग्रह धरला, तर घाईत बसवलेल्या कॅपची चावण्याची पातळी चुकते आणि दुरुस्तीला डॉक्टर जवळ नसतात. रत्नागिरी जिल्ह्यात खेडला दंत महाविद्यालय आहे. सावंतवाडीकडच्यांना गोव्यातील बांबोळीचे शासकीय दंत महाविद्यालय सोयीचे पडते. 1948च्या दंतवैद्य कायद्यापासून नोंदणी सक्तीची असली, तरी ती न पाहता रसायनाने कायमचे 'दात लावून' घेणारे आढळतात. अशा कामाखाली हिरडी कुजते.

नीट बसवलेली कॅप किंवा सिरॅमिक व्हिनियर दहा-पंधरा वर्षे टिकणे सामान्य मानतात, त्यानंतर ते बदलावे लागते. कॅप निघाली तर घरी गोंदाने चिकटवू नये. ती स्वच्छ डबीत ठेवून दोन-तीन दिवसांत दाखवावी, कारण घासलेला दात उघडा राहिला की शेजारचे दात सरकतात आणि तीच कॅप पुन्हा बसत नाही.